एक बॅटरी, दोन सोर्स: सोलर आणि लाइट चार्ज कंट्रोलरला जोडताना काय बघायचं?



दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. "दादा, सोलरचा रेग्युलेटर घेतलाय. पॅनलची वायर लावायला दोन पिना आहेत. ढग असले की त्याच पिनांना लाइटवरचा अॅडॉप्टर लावला तर काय बिघडतं? बॅटरी तर एकच आहे ना!"

प्रश्न साधा वाटतो, पण चुकीच्या उत्तरावर कंट्रोलर, अॅडॉप्टर आणि बॅटरी अशा तिन्ही गोष्टींचे पैसे जाऊ शकतात. आपल्यापैकी बरेच जण झेरॉक्स सेंटर, मोबाइल रिपेअरिंग, सलून, टेलरिंग किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायच्या तयारीत आहेत. काहींना सोलर फिटिंगचाच धंदा करायचाय. दोघांनाही हा विषय नीट कळला पाहिजे. व्हिडिओत जोडणी हाताने दाखवली आहे. इथे त्यामागचं कारण आणि गणित शांतपणे बघू.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याकडे रेग्युलेटर म्हटलं की पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांसमोर येतो. इथे आपण बोलतोय सोलर चार्ज कंट्रोलरबद्दल. पॅनलमधून येणारी वीज बॅटरीला झेपेल अशा व्होल्टेजने आणि करंटने देणं, आणि बॅटरी भरली की हात आखडता घेणं, हे त्याचं काम.

१२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत न्यावी लागते. भरल्यावर ती १३.५ ते १३.८ च्या आसपास नुसती धरून ठेवायची असते. नेमका आकडा बॅटरीच्या कंपनीच्या कागदावर असतो, तोच खरा मानायचा. यापेक्षा जास्त दाबलं तर पाणी उडतं आणि प्लेटा खराब होतात. कमी पडलं तर बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते आणि वेळेआधी बसते.

पॅनल आणि लाइटवरचा चार्जर यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पॅनल हा करंट-मर्यादित सोर्स आहे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी तो ठरावीक करंटच्या फार पुढे जात नाही. अॅडॉप्टर किंवा एसएमपीएस मात्र व्होल्टेज पक्कं धरून ठेवतो आणि मागेल तेवढा करंट द्यायला बघतो. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे आतून एक वेगाने उघड-बंद होणारं स्विच. त्याच्या पॅनलच्या पिनांना २४ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला की स्विच चालू झाल्यावर तो जवळजवळ थेट बॅटरीवर येतो. मग अॅडॉप्टर ओव्हरलोड होऊन बंद-चालू होत राहतो, नाहीतर कंट्रोलर तापतो. एमपीपीटी कंट्रोलर हुशार असतो, पण तो 'अजून थोडी पॉवर मिळते का' असं सतत चाचपत असतो. अॅडॉप्टरला तो त्याच्या मर्यादेपलीकडे ओढतो.

वर पॅनल आणि अॅडॉप्टर दोन्ही एकाच पिनांवर असतील तर रात्री अॅडॉप्टरची वीज उलटी पॅनलकडे जायचा मार्ग मोकळा होतो.

म्हणून नियम लिहून ठेवा: प्रत्येक सोर्सला त्याचा स्वतःचा रेग्युलेटर, दोघांची भेट फक्त बॅटरीच्या टर्मिनलवर. कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये 'पॅनलऐवजी डीसी सप्लाय चालेल' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद.

जोडणीच्या दोन वाटा

पहिली वाट सोलरची: पॅनल, मग डीसी एमसीबी, मग चार्ज कंट्रोलर, मग फ्यूज, मग बॅटरी.

दुसरी वाट लाइटची: मीटरकडून येणारा एमसीबी, मग इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरमधल्या चार्जरमधून बॅटरी. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणजे लाइटवरचा रेग्युलेटर आधीच आहे. वेगळा अॅडॉप्टर घ्यायची गरजच नाही.

आता तपशील. हे पाळले नाहीत तर चांगला मालही फुकट जातो.

१. क्रम. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल. बॅटरीचं व्होल्टेज बघून बरेच कंट्रोलर १२ की २४ हे ठरवतात. बॅटरीशिवाय पॅनल लावलं तर ते बिघडू शकतात.

२. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेल्या 'लोड'च्या पिना असतात. त्या एलईडीसारख्या छोट्या डीसी लोडसाठी. ७०० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण लोडला ६०-७० अँपिअर ओढतो. तो तिथे लावायचा नाही.

३. डीसी एमसीबीच घ्या. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला हा विसावा नाही, ठिणगी पेटती राहू शकते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला एसीचा एमसीबी टाकणं म्हणजे दुकानाला आगीचं आमंत्रण.

४. वायरची जाडी आणि लांबी. कंट्रोलरपासून बॅटरी ५ मीटरवर आहे, करंट २० अँपिअर आहे आणि वायर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची आहे असं धरा. जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली, त्यात साधारण ०.९ व्होल्ट पडतात. कंट्रोलरला वाटतं १४.४ झाले, बॅटरीपाशी असतात साडेतेरा. तो करंट आधीच कमी करतो आणि दिवस मावळेपर्यंत बॅटरी भरत नाही. तीच वायर १० स्क्वेअर एमएमची आणि अंतर दीड मीटर केलं तर नुकसान ०.१ व्होल्टच्या आसपास येतं. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी लावा, लांबी ठेवायचीच असेल तर पॅनलच्या बाजूला ठेवा. पण बॅटरीच्या बरोबर डोक्यावर कंट्रोलर नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, जागा हवेशीर पाहिजे.

५. फ्यूज बॅटरीच्या जवळ. शॉर्ट झाल्यावर खरी ताकद बॅटरी दाखवते, पॅनल नाही. ३० अँपिअरच्या कंट्रोलरला साधारण ४० अँपिअरचा फ्यूज, तोही प्लस टर्मिनलपासून जितका जवळ तितका चांगला.

६. दोघांचा करंट मिळून मोजा. १५० एएचच्या बॅटरीला साधारण दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअर, हा चार्जिंगचा सुरक्षित अंदाज. सोलरकडून १८ आणि इन्व्हर्टरकडून १५ एकदम आले तर ३३ होतात. इन्व्हर्टरला चार्जिंग करंट कमी-जास्त करायची सोय असेल तर कमीवर ठेवा, आणि जास्तीत जास्त किती चालतं हे बॅटरीच्या कागदावर बघा. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर खूप लागतंय, आंबट वास येतोय, तर ओव्हरचार्जिंगची शंका घ्या.

लाइटच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पॅनलच्या फ्रेमला अर्थिंगही त्याच दिवशी.

पॅनल आणि कंट्रोलरची जोडी

आता एक चूक जी बाजारात सर्रास विकली जाते. ३३० वॉटचं, ७२ सेलचं पॅनल घ्या. त्याचा काम करतानाचा व्होल्टेज ३७-३८ आणि करंट पावणेनऊ अँपिअरच्या आसपास असतो. त्याला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला आणि बॅटरी १२ व्होल्टची असली तर करंट तोच राहतो, व्होल्टेज मात्र बॅटरीचं होतं. ८.८ गुणिले १३.५, म्हणजे सुमारे १२० वॉट. पैसे ३३० वॉटचे, हातात १२०!

एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. त्याच पॅनलमधून दुपारी १८-१९ अँपिअर मिळू शकतात. म्हणून ३६ सेलचं '१२ व्होल्ट' पॅनल असेल तर पीडब्ल्यूएम चालेल, मोठ्या पॅनलला एमपीपीटीच.

कंट्रोलर घेताना पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज बघा. अशा पॅनलचा तो ४६ च्या आसपास असतो आणि थंडीत वाढतो. निफाडच्या कडाक्याच्या पहाटे, पारा ५ अंशांवर असताना, तो ४८-४९ पर्यंत जाईल. ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर अगदी काठावर येतो. थोडा वरचा घ्या.

आणि उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज. 'आमच्याकडे मे महिन्यात ४३ डिग्री, मग सोलर जोरात चालणार.' वीज प्रकाशावर बनते, उष्णतेवर नाही. पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के पॉवर गमावतं. पत्र्याला चिकटवलेलं पॅनल ६५ अंशांवर गेलं तर १५-१६ टक्के गेले. खाली हवा खेळती ठेवा, तोंड दक्षिणेला आणि कल साधारण १५ ते २० अंश.

खरी गंमत: फुकटचं ऊन वाया कसं जातं?

जोडणी बरोबर झाली, दोन्ही सोर्स बॅटरीला मिळाले. तरीही महिन्याने ग्राहक फोन करतो, "दादा, बिल काही कमी झालं नाही."

कारण समजून घ्या. साधा इन्व्हर्टर लाइट असताना दुकानाचा सगळा लोड लाइटवरच चालवतो. शिवाय रात्रभर लाइटने बॅटरी भरून ठेवतो. सकाळी ऊन येतं तेव्हा बॅटरी आधीच भरलेली. कंट्रोलर बघतो, व्होल्टेज १३.७, म्हणजे बॅटरी फुल्ल. तो सोलरचा करंट कमी करतो. पॅनल छतावर तापत बसतं आणि खाली मीटर पळत असतं. कुठेही बिघाड नाही. फक्त घरात पहिला मान कोणाचा हे कोणी ठरवलेलं नाही.

हे तपासायची सोपी चाचणी आहे. सकाळी दहा-अकराला, ऊन स्वच्छ असताना, इन्व्हर्टरचा लाइटकडचा एमसीबी बंद करा आणि रोजचा लोड चालू ठेवा. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर सोलरचा करंट लिहून घ्या. मग एमसीबी चालू करा आणि वीस मिनिटांनी परत बघा. करंट १२ वरून २-३ वर आला तर तुमचं ऊन वाया जातंय.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला: हाताने किंवा टायमरने. दिवसा इन्व्हर्टरचा लाइटकडचा सप्लाय बंद. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, लोड बॅटरी आणि सोलरवर येतो. स्वस्त आहे, पण ढगाळ दिवशी बॅटरी खोलवर उतरते. बरेच इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला आल्यावरच बंद होतात. रोज इतकं उतरवलं तर बॅटरी दोन वर्षंही धरणार नाही. पावसाळ्यात हा मार्ग विसरा.

दुसरा: सोलर मॅनेजमेंट युनिट. हे बॅटरीच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवतं. बॅटरी भरलेली आणि ऊन चांगलं असेल तर लाइट तोडतं, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली आलं की लाइट परत जोडतं. लेड अॅसिड बॅटरीला लाइट परत यायचा आकडा १२ च्या खाली जाऊ देऊ नका. घरात चांगला इन्व्हर्टर आणि नवी बॅटरी असेल तर हाच शहाणा मार्ग.

तिसरा: सोलर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पीसीयू. पॅनल, लाइट आणि बॅटरी तिघांच्या पिना एकाच डब्यात, आणि आत 'सोलर आधी' असं सेटिंग. सगळं नव्याने घेणार असाल तर याचाच विचार करा. फक्त डबा लावून निघून जाऊ नका. फिटिंगवाल्याने हे सेटिंग तपासलंय का, हे स्वतः बघा.

लिथियम बॅटरी असेल तर दोन्ही चार्जरचं सेटिंग त्या बॅटरीच्या कागदाप्रमाणे बदलावं लागतं, आणि इक्वलायझेशन बंद. जुना इन्व्हर्टर लिथियमला चालतो का, हे घेण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

आता धंद्याचं गणित

एक ऑनलाइन फॉर्म सेंटर घेऊ. लॅपटॉप ६० वॉट, इंकजेट प्रिंटर २०, राउटर १०, दोन एलईडी २०, बीएलडीसी पंखा ३०. एकूण १४० वॉट. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातली निम्मीच वापरायची, ९००. इन्व्हर्टरमध्ये वीस टक्के जातात, उरले ७२०. भागिले १४०, म्हणजे साधारण पाच तास. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन यात नाहीत. कागदावर शाई पक्की करताना ती शेकडो वॉट ओढतात, छोट्या इन्व्हर्टरवर टाकू नका.

आता ३३० वॉटचं पॅनल. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. त्या हिशोबाने १.३ युनिट, बॅटरी आणि इन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता हाताशी एक युनिट. तुमच्या बिलावर युनिटचा दर समजा १० रुपये असेल, वर्षात ३०० दिवस धरा, तर वाचले ३,००० रुपये. पॅनल, एमपीपीटी, स्टँड, वायर यांचा खर्च या बाजूला मांडून बघा. नुसत्या बिलाच्या बचतीवर छोट्या दुकानाचा बॅटरीवाला सोलर लवकर वसूल होत नाही. कोणी 'एका वर्षात पैसे वसूल' म्हणत असेल तर त्याला हाच हिशोब मांडायला सांगा.

मग घ्यायचा कशाला? बंद पडणाऱ्या तासांसाठी. लाइट गेल्यावर दुकानात तासाला १०० रुपये सुटायचे थांबत असतील आणि महिन्यात १५ तास लाइट जात असेल, तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये. फॉर्मची शेवटची तारीख असताना परत गेलेलं गिऱ्हाईक वेगळंच.

पण इथेही प्रामाणिक राहू. लाइट तास-दोन तासच जात असेल आणि बाकी वेळ नीट येत असेल, तर साधा इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी पुरते. सोलरची खरी गरज तीन ठिकाणी आहे: लाइट इतका वेळ जाते की बॅटरी परत भरतच नाही, दिवसा व्होल्टेज इतकं कमी येतं की इन्व्हर्टर चार्जिंगच घेत नाही, किंवा दिवसाचा लोड मोठा आणि रोजचा आहे. आणि जून ते सप्टेंबर उलट हिशोब असतो, तेव्हा लाइट आधार आणि सोलर जोडीला. दोन सोर्स ठेवायचे ते यासाठीच.

एक गोष्ट अजून. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे: १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि पुढे ७८ हजार रुपये. ते दुकानाच्या बॅटरी सिस्टमला मिळेल असं गृहीत धरून बजेट करू नका. आणि ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. 'सोलर बसवला म्हणजे लाइट जाणार नाही' हे वाक्य ग्राहकाला कधीच म्हणू नका.

फिटिंगचा धंदा करणार असाल तर

या लाइनमध्ये माल सगळे विकतात. टिकतो तो, जो काम झाल्यावर ग्राहकाच्या हातात एक पान देतो. त्या पानावर एवढंच लिहा: जोडणीचं साधं चित्र, कंट्रोलर आणि इन्व्हर्टरचे सेट केलेले व्होल्टेज, लाइट तुटायचा आणि जोडायचा आकडा, फ्यूजचा नंबर, बॅटरी बसवल्याची तारीख, पुढच्या पाण्याची तारीख. वरची सकाळची चाचणी ग्राहकासमोर करून आकडे तिथेच लिहा. सहा महिन्यांनी तक्रार आली तर बोलणं अंदाजावर होत नाही, त्या पानावर होतं. वॉरंटीचा वाद तिथेच मिटतो आणि पुढचं गिऱ्हाईक तोच पाठवतो.

या आठवड्याचा गृहपाठ

पंधरा दिवस वही ठेवा: लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, व्होल्टेज किती होतं. शेजारी दुकानाचा लोड वॉटमध्ये लिहा. हे दोन आकडे हातात असल्याशिवाय कोणत्याही दुकानात कोटेशन मागायला जाऊ नका, माझ्याही नाही. आणि कोटेशन देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "लाइट आणि ऊन दोन्ही असताना माझा लोड कशावर चालणार?" तो आकडे सांगून उत्तर देत असेल तर पुढे बोला. नुसतं "सगळं ऑटोमॅटिक आहे" म्हणाला, तर चहा घ्या आणि दुसरं दुकान बघा.